रोज तीस किलोमीटर पुरेत

वाचकाचे पत्र :

"मी ५९ वर्षांची आहे आणि यजमान ६४ वर्षांचे. आम्ही सांगलीला राहतो. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये उट्रेख्त शहरात असतात. येत्या ऑगस्टच्या मध्यापासून महिनाभर आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. तिथे नदीकाठच्या खेड्यांतून आणि जांभळ्या फुलांच्या माळांवरून सायकलने फिरता येते, असे मुलीने सांगितल्यापासून यजमानांनी तेच मनावर घेतले आहे. जावयांनी सहा दिवसांचा आराखडाही करून पाठवला आहे, त्यात रोज सत्तर किलोमीटर आहेत. मी कॉलेजला सायकलने जात असे, पण त्याला आता ३८ वर्षे झाली. यजमानांचे गुडघे अधूनमधून दुखतात. सायकल चालवायला हरकत नाही, असे डॉक्टर म्हणतात. आम्ही शाकाहारी आहोत, तिथली भाषा येत नाही आणि रस्ता चुकण्याची भीती वाटते. नातेवाईक म्हणतात, या वयात हा खटाटोप कशाला, गाडीने फिरा. आम्ही काय करावे?"

सांगलीच्या ताईंना सप्रेम नमस्कार.

आपण जरूर जावे आणि सायकलनेच जावे. मात्र जावईबापूंनी पाठवलेला आराखडा, त्यामागच्या मायेबद्दल त्यांचे आभार मानून, बाजूला ठेवावा. रोज सायकलने कामावर जाणाऱ्या तरुण माणसाला सत्तर किलोमीटर हे साधे अंतर वाटते. आपल्याला मात्र ताशी बारा-चौदा किलोमीटरच्या वेगाने त्यासाठी पाच-सहा तास सीटवर बसावे लागेल आणि त्यात जेवण, पावसाची सर, नावेची वाट पाहणे आणि एखादे चुकलेले वळण धरले, तर सकाळी निघालेली माणसे दिवेलागणीलाच मुक्कामी पोहोचतील. शरीर एवढे अंतर कदाचित निभावून नेईलही, पण ज्यासाठी जायचे ते पाहणेच राहून जाईल. मी या भागात पहिल्यांदा गेले तेव्हा रोज पासष्ट किलोमीटर चालवत होते आणि घरी परतल्यावर मला आकड्यांखेरीज आणि पाठीत भरलेल्या कळेखेरीज सांगण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. दोन वर्षांनी नणंदेबरोबर त्याच बांधावरून रोज पंचवीस-तीस किलोमीटरच्या बेताने गेले. त्या खेपेला आम्ही एका बाकावर दीड तास बसलो होतो, समोर गुडघाभर पाण्यात गाई उभ्या होत्या, त्यांच्या पायांशी एक राखी बगळा हालचाल न करता टपून होता, आणि तो दीड तास आजही जसाच्या तसा माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून मी आपल्याला रोज तीस किलोमीटर सुचवते. तेवढे अंतर अडीच तासांत होते आणि बाकीचा दिवस आपल्या हाती राहतो.

आता मार्गाचे पाहू. मुलगी उट्रेख्तला राहते हे फार सोयीचे आहे, कारण तिच्या दारातून निघून नदीच्या सोबतीने पूर्वेकडे गेले की चौथ्या दिवशी आपण हीथच्या, म्हणजे त्या जांभळ्या फुलांच्या, माळांच्या ऐन मध्यभागी असता, आणि पाचव्या दिवशी आर्नहेमहून आगगाडीने चाळीसएक मिनिटांत घरी परत येता. दिशा पूर्वेचीच ठेवावी, असा माझा आग्रह आहे. नेदरलँड्समध्ये वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, आणि सपाट मुलखात वारा हाच घाट असतो. तो पाठीशी असला तर गुडघ्यांना कळतही नाही, समोरून आला तर तीस किलोमीटरचे पन्नास वाटतात. आदल्या रात्री हवामान पाहावे. दिवसभर जोराचा पूर्वेचा वारा सांगितला असेल तर एक दिवस उशिरा निघण्यात काही बिघडत नाही.

पहिल्या दिवशी उट्रेख्तमधून सकाळी दहानंतर निघावे. आठ ते नऊच्या सुमाराला तिथे कामावर आणि शाळेत जाणाऱ्या सायकलींची जी रांग लागते, तिच्यात नवख्या माणसाने शिरू नये. शहराच्या आग्नेयेला आमेलिसवेर्डची झाडी लागते आणि तिथून क्रोमे राइन नावाची लहानशी, वळणावळणाची नदी सोबतीला येते. क्रोमे म्हणजे वाकडी. आज ओढ्यासारखी दिसणारी ही नदी रोमनांच्या काळात ऱ्हाइनचा मुख्य प्रवाह होती आणि रोमन साम्राज्याची सरहद्द तिच्या काठाने जात होती. ११२२ साली वरच्या अंगाला बांध घालून तिचे पाणी अडवले गेले आणि मोठी नदी दक्षिणेकडच्या पात्राने वाहू लागली. तो बांध जिथे घातला गेला, त्या वेइक बेइ ड्यूरस्टेडे या गावीच आपला पहिला मुक्काम असावा. वाटेत कोथन गावाच्या आसपास फळबागा आहेत. ऑगस्टअखेर चेरी संपलेली असते, पण आलुबुखार, नासपती आणि पहिली सफरचंदे आलेली असतात. शेतकऱ्यांच्या फाटकाशी लाकडी मांडणीवर फळांच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, किंमत पाटीवर लिहिलेली असते, शेजारी पैसे टाकायचा डबा असतो आणि विकणारे माणूस नसते. त्यासाठी खिशात सुटी नाणी ठेवावीत, कारण त्या देशात इतरत्र बहुतेक ठिकाणी कार्ड चालते आणि नेमके या डब्यापाशी माणसाचे अडते.

दुसरा दिवस बांधाचा. डच लोक त्याला डाइक म्हणतात. वेइक बेइ ड्यूरस्टेडेपासून आमेरोंगेनमार्गे रेनेनपर्यंत साधारण पंचवीस किलोमीटर आहेत आणि त्यातला बराच रस्ता बांधाच्या माथ्यावरून जातो. या ठिकाणी मी जरा रेंगाळते, कारण कृष्णाकाठच्या माणसाला या दृश्यातला अर्थ चटकन उमगेल. आपण माथ्यावर असता. उजवीकडे खाली कुरणांचा रुंद पट्टा आणि त्याच्या पलीकडे नदी असते, आणि डावीकडे घरे, पण त्या घरांच्या खिडक्या आपल्या पायांच्याही खाली असतात. उजवीकडचा पट्टा नदीचाच आहे. आपल्याकडे नदीकाठच्या मळईत आणि गाळपेराच्या जमिनीत पूर ओसरल्यावर पीक घेतात, तसे तिथे पाणी उतरले की गाई आणि घोडे चरायला सोडतात. हिवाळ्यात नदी फुगली की हा सगळा पट्टा पाण्याखाली जातो आणि पाणी बांधाच्या पायथ्याला येऊन टेकते. बांधाच्या उतारावर चरणाऱ्या मेंढ्यासुद्धा कामावरच असतात, कारण त्यांच्या चरण्याने गवत आखूड आणि दाट राहते, खुरांनी माती दबते आणि तो घट्ट गालिचा बांध धुपू देत नाही. दूरवर एखादे उंच धुराडे दिसेल, ते विटांच्या कारखान्याचे. पुराने आणून टाकलेल्या चिकणमातीवर हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपण सांगलीत पाहिला असेल, म्हणून हेही सांगते. १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९५ च्या जानेवारीअखेर डच नद्या अशा चढल्या, की दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. बांध शेवटी टिकले. परंतु त्यानंतर त्या देशाने बांध अधिकाधिक उंच करत नेण्याऐवजी नदीला जागा करून देण्याचे धोरण घेतले. तिसाहून अधिक ठिकाणी कुठे बांध मागे सरकवला, कुठे पूरमैदान खोल केले, कुठे नदीला जोडपात्र खणून दिले. रेनेनच्या पुढे ब्लाउवे कामर म्हणून जे रान आहे, तिथे तर त्याआधीच, १९९२ मध्ये, नदीकडचा लहान बांध मुद्दाम फोडून पाणी आत घेतले गेले. आज तिथे रानघोड्यांसारखे कोनिक घोडे आणि गॅलोवे गाई मोकळ्या फिरतात आणि चमचे पक्षी घरटी करतात. घोडे माणसाळलेले वाटले तरी त्यांच्या जवळ जाऊ नये आणि काही खायला घालू नये.

आमेरोंगेनला दोन गोष्टींसाठी थांबावे. एक तेथील वाडा. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म नोव्हेंबर १९१८ मध्ये पळून आला तो या वाड्यात, आणि राजत्यागाच्या कागदावर त्याने इथेच सही केली. दुसरी गोष्ट नदीवरचे प्रचंड दरवाजे. पाणी कमी असते तेव्हा हे दरवाजे पात्रात उतरवून ठेवतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये इथली नदी जवळजवळ तळ्यासारखी संथ असते. वरच्या अंगाला ड्रील येथे असेच दरवाजे आहेत आणि त्यांच्या साह्याने ऱ्हाइनचे किती पाणी उत्तरेच्या आयसल नदीकडे वळवायचे ते ठरते, म्हणून लोक त्यांना देशाचा नळ म्हणतात.

नदी ओलांडायला या टापूत पुलांपेक्षा नावा अधिक आहेत आणि माझ्या मते नाव चुकवली तर अर्धी सहल चुकली. आमेरोंगेनच्या पुढे एल्स्ट गावापाशी पलीकडे इंखेनला जाणारी नाव आहे. आपल्याला पलीकडे काही काम नाही, तरीही जावे. सायकलवरून उतरावे, ती हाताने ढकलत फळीवर न्यावी, आणि नाव हलताना सायकलचा ब्रेक दाबून उभे राहावे, कारण स्टँडवर लावलेली सायकल पहिल्याच हेलकाव्याला आडवी होते. नावाडी पैसे घेतो, मान हलवतो, पाण्याचा आणि डिझेलचा वास येतो आणि पाच मिनिटांत आपण बेटुवे या फळबागांच्या मुलखात उतरतो. तिकडच्या बांधावरून थोडे फिरून पुढच्या नावेने परत यावे. मात्र यातल्या काही नावा फक्त उन्हाळ्यात चालतात, काही रविवारी बंद असतात आणि दुपारी काहींना सुट्टी असते, म्हणून निघण्यापूर्वी मुलीला त्या त्या नावेचे वेळापत्रक पाहून ठेवायला सांगावे. या बांधाच्या मजबुतीची कामे ठिकठिकाणी चालू असतात. रस्ता बंद दिसला तर पिवळ्या पाट्या वळसा दाखवतात, त्या निमूट पाळाव्यात. शनिवार-रविवारी बांधावर शर्यतीच्या सायकलींचे थवे आणि मोटरसायकली येतात. मागून घंटी ऐकू आली की उजव्या कडेला होऊन सरळ रेषेत चालत राहावे, दचकून मध्येच थांबू नये.

तिसऱ्या दिवशी देखावा पूर्ण पालटतो. रेनेनहून निघताना ग्रेबेबेर्ख नावाची टेकडी लागते. तिची उंची जेमतेम पन्नास मीटर आहे, पण दोन दिवसांच्या सपाटीनंतर ती जाणवते. तिथे उतरून सायकल ढकलत नेण्यात काही कमीपणा नाही. पुढे वाखेनिंगेन, मग एडे, आणि एडेच्या पूर्वेला खिंकेलचा माळ. हा आपला पहिला हीथ. सप्टेंबर १९४४ मध्ये आर्नहेमच्या लढाईत ब्रिटिश छत्रीधारी सैनिक याच माळावर उतरले होते; रस्त्याकडेला त्यांचे स्मारक आहे आणि जवळच मेंढवाडा आहे. या वळशासह ऑटरलो गावापर्यंत साधारण तीस किलोमीटर होतात.

फुलांविषयी आपण मुद्दाम विचारले नसले तरी पत्रात जांभळ्या माळांचा उल्लेख आहे, म्हणून नीट सांगते. हीथ म्हणजे रेताड, निकस जमिनीवर गुडघ्याएवढ्या उंचीच्या खुरट्या झुडपांनी भरलेले माळरान. दुरून ते जांभळ्या धुक्यासारखे दिसते, पण सायकल लावून उकिडवे बसावे आणि एक काडी जवळून पाहावी. तांदळाच्या दाण्याएवढी, फिकट गुलाबी-जांभळी फुले एकाच अंगाला ओळीने लगडलेली असतात, काडी खडबडीत आणि कडक असते, आणि कान दिला तर सगळा माळ मधमाश्यांनी गुणगुणत असतो. फुलोऱ्याच्या दिवसांत मधपाळ आपल्या पेट्या आणून माळाच्या कडेला ठेवतात, त्यांच्यापासून दूर राहावे. हा बहर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. आपण मध्यावर पोहोचणार आहात. तेव्हा पहिला आठवडा विश्रांती आणि सराव करून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघालात तर वेळ अचूक साधेल. उन्हाळा फार कोरडा गेला असेल तर रंग थोडा फिका पडतो, एवढे लक्षात असू द्यावे.

सांगलीहून आपण कासच्या पठारावर गेला असाल तर तुलना मनात येईलच. तरी कास ही निसर्गाची करणी आहे, जांभ्या कातळावरच्या पातळ मातीत पावसाळ्यात उमलणारी. डच हीथ मात्र माणसाने आणि मेंढ्यांनी घडवलेला आहे. एके काळी इथे रान होते. ते तुटले, मेंढ्यांनी नवी रोपे वाढू दिली नाहीत, आणि शेतकरी माळावरची गवता-मुळांसकट वरची साल कापून मेंढवाड्यात अंथरत, लेंडीखतात ती मुरली की गाडीने उचलून राय नावाच्या धान्याच्या शेतात नेऊन घालत. हे शतकानुशतके चालले आणि जमीन इतकी निकस झाली की हीथखेरीज काही तग धरेना. कुठे कुठे तर तीही उरली नाही आणि वाळू उडू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक खत आले, मेंढ्यांची गरज संपली, आणि बहुतेक माळांवर पाइनची लागवड झाली किंवा शेती आली. आज जे शिल्लक आहे ते राखून ठेवलेले आहे. शेतीतून आणि वाहनांतून हवेत जाणारे नत्र जमिनीवर उतरते, गवताला जोर येतो आणि गवत हीथला गिळते, म्हणून आजही कळप चारून आणि वरचा थर खरवडून माळ जागता ठेवावा लागतो. मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा दिसले तर थांबून पाहावे. कळप रस्ता ओलांडत असेल तर घंटी वाजवू नये.

ऑटरलोला दोन रात्री काढाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. गावाच्या वेशीलाच होखे फेलुवे या ५,४०० हेक्टरच्या राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे. चौथा दिवस सामान खोलीवर ठेवून आत घालवावा. आत पांढऱ्या रंगाच्या १,८०० सायकली येणाऱ्यांसाठी मोफत ठेवलेल्या असतात, पण आपल्या सायकलींची सवय झालेली असेल तर त्याच न्याव्यात. अर्धा दिवस माळ, पाइनचे रान आणि उघड्या वाळूचे पट्टे पाहावेत आणि अर्धा दिवस उद्यानातल्या क्रोलर-म्यूलर संग्रहालयाला द्यावा. १९३८ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात व्हॅन गॉगची जवळजवळ नव्वद चित्रे आणि १८० हून अधिक रेखाचित्रे आहेत. अॅमस्टरडॅमखालोखाल जगातला हाच त्याचा सर्वांत मोठा संग्रह. उद्यान आणि संग्रहालय यांची तिकिटे वेगवेगळी आहेत. संग्रहालय सोमवारी बंद असते आणि एडेसारख्या धार्मिक वळणाच्या भागात रविवारी पुष्कळ दुकाने बंद असतात, म्हणून उट्रेख्तहून मंगळवारी निघावे, म्हणजे शुक्रवार संग्रहालयाला मिळतो आणि शनिवारी उद्यानातून आर्नहेमला उतरून आपण रविवारी घरी असता.

सायकलीविषयी आपली खरी काळजी आहे, ती योग्यच आहे. वीजेवर साह्य करणारी ई-सायकल आठवड्याच्या भाड्याने घ्यावी. त्यात पॅडल आपल्यालाच मारावे लागते, मोटर फक्त जोर लावते आणि ताशी पंचवीस किलोमीटरला तिचे साह्य थांबते. यजमानांच्या गुडघ्यांसाठी ती उत्तम, मात्र ती वजनाला पंचवीस किलोच्या आसपास असते आणि पॅडलवर पाय पडताच पुढे झेप घेते. उतारवयातले बरेच लोक चढता-उतरताना पडतात. म्हणून टांग मारून चढण्याची जुनी सवय सोडावी. दोघांनीही मध्ये दांडा नसलेली, पाय सहज आत घालता येईल अशी चौकट मागावी, सीट सुरुवातीला इतके खाली घ्यावे की दोन्ही पायांची बोटे जमिनीला टेकतील, आणि साह्य सर्वांत कमी ठेवून निघावे. डच माणसे उंच असतात, दुकानदार सीट वर ठेवून देईल; खाली करून घेण्यास संकोचू नये. आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. तिथल्या बऱ्याच सायकलींना पॅडल उलटे फिरवल्यावर लागणारा ब्रेक असतो. आपल्याला पॅडल मागे फिरवत बसण्याची सवय असते आणि तसे केल्याबरोबर सायकल जागच्या जागी थांबते. हाताचे दोन ब्रेक असलेलीच सायकल घ्यावी आणि कोणता हात कोणते चाक अडवतो, ते दुकानासमोरच तपासावे. चेनवर पूर्ण झाकण असते, तेव्हा सलवार-कुर्त्याने काही अडत नाही; ओढणी मात्र घरी ठेवावी.

सांगलीत आजपासून रोज सकाळी अर्धा तास सायकल चालवायला सुरुवात करावी. उट्रेख्तला गेल्यावर एखाद्या रविवारी सकाळी आमेलिसवेर्डच्या निवांत वाटेवर सराव करावा. मुख्य सराव उजव्या बाजूने चालण्याचा आहे. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे, वळण्यापूर्वी हात बाहेर काढून दाखवायचा, आणि रस्त्यावर आपल्याकडे टोक केलेले पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले तर थांबून आडव्या रस्त्याने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. जिथे अशी खूण नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याचा पहिला मान. सायकल चालवताना मोबाइल हातात धरणे २०१९ पासून दंडनीय आहे.

रस्ता चुकण्याची भीती मात्र मनातून काढून टाकावी. त्या देशात सायकलवाटांच्या चौफुल्यांना क्रमांक दिलेले आहेत. ही पद्धत १९९५ मध्ये शेजारच्या बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतात सुरू झाली आणि नंतर सगळ्या नेदरलँड्समध्ये पसरली. आदल्या रात्री मुलीबरोबर बसून त्या दिवसाचे क्रमांक ओळीने ठळक अक्षरांत एका कागदावर लिहावेत आणि तो कागद हँडलला चिकटवावा. हिरव्या-पांढऱ्या पाटीवर पुढचा क्रमांक आणि बाण असतो, एवढेच पाहत जायचे, आणि प्रत्येक चौफुलीवर आपण कुठे आहोत ते दाखवणारा नकाशाही असतो. रानात जमिनीलगत छत्रीच्या अळिंबीसारखे बुटके खांब दिसतील, त्यांच्या उतारावर गावांची नावे आणि अंतरे लिहिलेली असतात. पावसासाठी तिथले सगळे लोक बाउयनरादार हे ॲप पाहतात. सर कधी येणार आणि कधी जाणार ते त्यात कळते, आणि बहुतेक सरी एखाद्या झाडाखाली वीस मिनिटे थांबण्याएवढ्याच असतात.

जेवणाचे सांगते. न्याहारी आणि दुपारचे खाणे अडत नाही. पाव, चीज, पॅनकेक आणि सफरचंदाचा केक गावोगावी मिळतो. सूप मागताना ते मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे विचारावे. त्यासाठी 'झोंडर फ्लेस, झोंडर फिस' म्हणजे मांसाशिवाय, माशांशिवाय, एवढे शब्द पाठ करावेत, बाकी इंग्रजी जवळजवळ प्रत्येकाला येते. खेड्यांतली स्वयंपाकघरे रात्री आठ-साडेआठला बंद होतात, म्हणून साडेसहाला जेवायला बसावे. दशम्या, मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू सोबत घ्यावेत. दुपारी नदीकाठच्या बाकावर दशमी सोडून बसण्यासारखे सुख मला दुसरे ठाऊक नाही. नळाचे पाणी सगळीकडे पिण्यायोग्य असते. स्वच्छतागृहे रस्त्याकडेला फारशी नसतात, तेव्हा कॉफीला थांबले की तिथेच उरकून घ्यावे. मुक्कामासाठी 'व्रींडेन ऑप दे फीट्स', म्हणजे सायकलवरचे मित्र, ही संस्था आहे. थोडी वर्गणी भरून सभासद झाले की सायकलने किंवा पायी येणाऱ्यांना संस्थेच्या यादीतल्या घरांत माफक दरात राहायला आणि न्याहारीला मिळते. रात्री बॅटरी घरात चार्ज करू देतात, पण आधी विचारावे.

एक सावधगिरी मात्र कसोशीने पाळावी. हीथमध्ये आणि उंच गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. माळात वाटेवरूनच चालावे, लांब मोजे विजारीवर चढवावेत आणि रोज रात्री गुडघ्यांच्या मागे, कमरेला आणि काखेत नीट पाहावे. गोचिडी दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, तेल किंवा राख लावू नये, तारीख लिहून ठेवावी आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ उमटले तर डॉक्टरांना दाखवावे. फेलुवेच्या रानात काही वर्षांपासून लांडगेही परतले आहेत. सहसा ते दिसत नाहीत, पण फाटकावरच्या सूचना वाचून बंद केलेल्या वाटेने जाऊ नये.

आर्नहेमहून परतताना सायकलींसाठी वेगळे तिकीट काढावे लागते आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळांत सायकल गाडीत घेत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते आणि शनिवारी तर प्रश्नच येत नाही. डब्यावर सायकलचे चित्र असते, तिथेच चढावे.

नातेवाइकांना काय सांगायचे ते आपण ठरवालच. जावईबापूंना मात्र दुखवू नये. त्यांना शुक्रवारी संध्याकाळी मुलीसह ऑटरलोला बोलवावे. एडेपर्यंत ते आगगाडीने येऊ शकतात, आणि तिथून माळावरून दहा-बारा किलोमीटर सायकल चालवली की ते आपल्याबरोबर जेवायला असतील. शनिवारी सकाळी चौघांनी मिळून उद्यानातून आर्नहेमला उतरावे, आणि त्या वीस-बावीस किलोमीटरमध्ये किती वेळा थांबायचे, ते आपण दोघांनी ठरवावे.